चीनमधलं रस्त्यावरचं खाणं घरी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिनी रस्त्यांवरचे पदार्थ घरी करायला घेतले की ओळखीतले लोक साधारण तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. प्रमाणं तीन-चार माणसांच्या घराला पुरतील अशी आहेत. पदार्थांची नावं चिनी उच्चाराच्या जवळ जातील अशी लिहिली आहेत.

हे आपल्याकडच्या गाडीवरच्या चायनीजबद्दल आहे का?

नाही. मंचुरियन, शेजवान राइस, ट्रिपल हे सगळं कोलकात्यातल्या हक्का चिनी कुटुंबांच्या आणि मुंबईतल्या हॉटेलांच्या हातून घडलं. मंचुरियनचं श्रेय नेल्सन वांग यांना दिलं जातं; १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबमध्ये त्यांनी ते पहिल्यांदा केलं असं सांगतात. ते आपलं खाणं आहे, चवदार आहे, आणि त्याला कमी लेखायचं काहीच कारण नाही. पण तिआनजिन, शिआन, चेंगदू, वुहान या शहरांत सकाळ-संध्याकाळ रस्त्यावर जे मिळतं त्याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. इथे बोलायचं आहे ते त्या शहरांतल्या खाण्याबद्दल.

मग तिथे रस्त्यावर लोक नक्की काय खातात?

हे प्रांतावर आणि वेळेवर ठरतं. सकाळी तवा आणि मोदकपात्रासारखी वाफेची भांडी चालू असतात: तिआनजिनमध्ये मुगाच्या पिठाचं, अंडं फोडून केलेलं जिआनबिंग, शांघायमध्ये तळाशी खरपूस भाजलेले शंगजिआनबाओ हे सारण भरलेले पाव, वुहानमध्ये तिळाच्या चटणीत कालवलेल्या रगानमिएन नूडल्स. वुहानची माणसं त्या कागदी वाडग्यात घेऊन चालता चालता खातात. संध्याकाळी निखारे पेटतात आणि मटणाच्या काड्या भाजल्या जातात. शिआनमध्ये दिवसभर रौजियामो (भाकरीत भरलेलं मांस) आणि ल्यांगपी (गव्हाच्या चिकाचे गार, आंबट-तिखट पापुद्रे). सिचुआनमध्ये तिखट, जिभेला मुंग्या आणणारं सगळं काही. दानदान नूडल्स तर तिथे पूर्वी कावडीवरून विकायचे. एका बाजूला चूल, दुसऱ्या बाजूला नूडल्स आणि वाडगे.

मोठ्या शहरांतून गाड्या बऱ्याच हटल्या, पुष्कळ विक्रेते छोट्या गाळ्यांत गेले. तरी रस्त्यावरचं खाणं संपलेलं नाही. करोनाच्या पहिल्या लाटेनंतर, जून २०२०मध्ये, तेव्हाचे पंतप्रधान ली कछ्यांग यांनी रस्त्यावरच्या विक्रेत्यांचं उघड कौतुक केलं. २०२३च्या वसंतात शांडोंग प्रांतातल्या झिबो या कारखान्यांच्या शहरात माणसांची रीघ लागली, ती केवळ काड्यांवर भाजलेलं मांस, पातळ पोळी आणि कांद्याची पात खायला.

एक गोष्ट लक्षात घ्या. यातल्या बहुतेक पदार्थांना ती मोठी काळी कढई आणि भडकलेली ज्योत लागतच नाही. तवा, वाफ आणि उकळतं पाणी एवढ्यावर निम्मं काम होतं.

सुरुवात कुठल्या पदार्थाने करू?

आधी तिखट तेल करा, पदार्थ त्यानंतर. ते बरणीत तयार असलं की पुढचं अर्धं काम झालेलं असतं.

मग करा लांगया तुदौ, म्हणजे सिचुआनमधले नागमोडी कापलेले बटाटे. सगळं सामान घरात असतं. तीन मोठे बटाटे लाटा पडतील असे जाड कापा (नागमोडी सुरी नसेल तर साधे बोटाएवढे तुकडे), पाण्यात धुऊन स्टार्च काढा, पुसून कोरडे करा आणि तळा. मात्र आतून मऊ पडेपर्यंत तळू नका. दाताखाली किंचित करकरले पाहिजेत, हीच त्यांची ओळख आहे. गरम असतानाच एका मोठ्या भांड्यात मीठ, भरड जिरेपूड, एक चमचा सोया सॉस, एक चमचा विनेगर, अर्धा चमचा साखर, दोन चमचे तिखट तेल गाळासकट, कोथिंबीर आणि पातीचा कांदा घालून भांडं उडवून उडवून मिसळा. चमच्याने ढवळलंत तर बटाट्याच्या कडा तुटतात.

आणि एका दिवशी एकच पदार्थ करा. हे मी कळकळीने सांगते. शिआनचा ल्यांगपीवाला फक्त ल्यांगपी करतो, आणि तोही कदाचित वीस वर्षं. त्याच्या हातातली सफाई त्या एकाच कामातून आलेली असते. आपण मात्र पाहुणे येणार म्हटलं की नूडल्स, डम्प्लिंग, भात आणि सूप असा बेत आखतो आणि चारही गोष्टी अर्ध्यामुर्ध्या होतात. एकच पदार्थ, भरपूर, गरम गरम ताटात: रस्त्यावरचं खाणं असंच असतं.

तिखट तेल करताना मिरची जळते किंवा तेल फिकट राहतं. काय चुकतं?

जवळजवळ नेहमी तेलाचं तापमान चुकतं, आणि दुसरं म्हणजे मिरचीची निवड.

सिचुआनमध्ये दोन-तीन जातीच्या मिरच्या एकत्र करतात: एक रंगाला, एक वासाला, एक तिखटपणाला. आपल्याकडे हे सहज जमतं. ब्याडगी ४० ग्रॅम, संकेश्वरी १० ग्रॅम. देठ काढा, बिया थोड्या झटका, चमचाभर तेलावर मंद आचेवर खुसखुशीत होईपर्यंत परता आणि खलबत्त्यात भरड कुटा. तयार मिरचीपूड वापरू नका. ती इतकी बारीक असते की तेल पडताक्षणी काळी होते.

कुटलेली मिरची, चमचाभर पांढरे तीळ आणि अर्धा चमचा मीठ काचेच्या किंवा स्टीलच्या जाड, पूर्ण कोरड्या भांड्यात ठेवा. ३०० मिली शेंगदाणा तेलात आल्याचे काप, पातीच्या कांद्याचे पांढरे तुकडे, एक चक्रफूल, दालचिनीचा तुकडा आणि तमालपत्र घालून मंद आचेवर कांदा तांबूस होईपर्यंत ठेवा, मग गाळा.

आता गाळलेलं तेल पुन्हा तापवा आणि तीन वेळा ओता. पहिल्यांदा १८० अंशांच्या आसपास, एक तृतीयांश तेल. यातून वास सुटतो. भराभर ढवळा. मिनिटभर थांबा, बाकीचं तेल १५० अंशांवर आलं की आणखी एक तृतीयांश ओता. यातून रंग उतरतो. उरलेलं १२० अंशांच्या आसपास, ते तिखटपणा ओढून घेतं. तापमापक नसेल तर मिरचीचा एक तुकडा तेलात टाका. बारीक बुडबुडे येऊन तो वर तरंगला आणि लाल राहिला तर पहिल्या ओतण्यासाठी तेल तयार आहे. लगेच काळवंडला तर दोन मिनिटं थांबा. शेवटी चमचाभर विनेगर टाका, चर्र होईल, फेस येईल आणि मिरचीचा जळकेपणा असलाच तर बसेल.

त्याच दिवशी चाखून निकाल लावू नका. रात्रभर मुरल्यावरच रंग आणि चव खरी कळते.

सिचुआनमध्ये यासाठी भाजलेल्या मोहरीवर्गीय बियांचं तेल वापरतात. आपलं मोहरीचं तेल त्याच्या जवळचं, पण झणका जास्त. वापरायचं असेल तर आधी धूर येईपर्यंत तापवून थंड करा. मला स्वतःला शेंगदाणा तेलाचंच आवडतं.

हुआजियाओ (जिभेला मुंग्या आणणारी सिचुआनी मिरी) मिळत नाही. तिरफळ चालेल का?

चालेल, आणि हा काही ओढूनताणून शोधलेला पर्याय नाही. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या कालवणात पडणारं तिरफळ आणि सिचुआनचं हुआजियाओ एकाच वनस्पतीकुळातले, एकाच प्रजातीगटातले सख्खे नातेवाईक आहेत. दोन्हींत खाण्याजोगं असतं ते वरचं टरफल. आतलं काळं बी कडवट आणि दाताला रेतीसारखं लागतं, ते काढून टाकायचं.

चव मात्र हुबेहूब नाही. हुआजियाओ जिभेवर जास्त झिणझिण्या आणतं, त्यातल्या सॅन्शूल या द्रव्यामुळे. तिरफळाचा वास अधिक रानवट आणि रेंगाळणारा. म्हणून हात आखडता ठेवा: चार माणसांच्या पदार्थाला चार-पाच तिरफळांची टरफलं, कोरडी भाजून, कुटून, चाळून, अगदी शेवटी वरून. कोकणात तिरफळं कुटत नाहीत, ठेचून रश्श्यात सोडतात. इथे पूड हवी, कारण रस्साच नसतो. नेपाळी तिमूर मिळालं तर ते हुआजियाओच्या आणखी जवळचं आहे.

बाटल्या कोणत्या घेऊ? दुकानात सॉसची रांग बघून गोंधळ होतो.

दोन सोया सॉस, एक काळं विनेगर, एक भाजक्या तिळाचं तेल. एवढं पुरे.

सोया सॉसमध्ये पातळ, फिकट असतो तो खारटपणासाठी आणि दाट, गडद असतो तो रंगासाठी. रोजच्या कामाला फिकट. गडद सॉस अर्ध्या चमच्याच्या वर क्वचितच लागतो. आपल्याकडच्या स्वस्त गडद सॉसमध्ये बऱ्याचदा कॅरॅमलचा रंगच जास्त असतो. बाटलीवरची यादी वाचा. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी हे वर असलं पाहिजे.

विनेगर झेनजियांगचं काळं, चिकट तांदळापासून केलेलं. ते आंबट कमी आणि खोल चवीचं जास्त. उत्तरेत शान्शी प्रांतात ज्वारीपासून मुरवलेलं विनेगर करतात, ज्वारी खाणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचं अप्रूप वाटायला हवं. दोन्ही नसेल तर गोव्याचं माडाच्या सुरेचं विनेगर आणि चिमूटभर साखर घ्या. पांढरं कृत्रिम विनेगर नको, त्यात आंबटपणाखेरीज काही नसतं.

तिळाचं तेल म्हणजे आपलं घाण्याचं फिकट तेल नव्हे. तीळ तांबूस भाजून मग काढलेलं, वासाला तीव्र तेल हवं. ते तापवायचं नाही, शेवटी दोन थेंब.

शाओशिंगची तांदळाची दारू पुष्कळ कृतींत येते. घरात दारू चालत नसेल तर वगळा आणि आलं ठेचून पिळलेलं पाणी घाला. मांसाचा उग्रपणा जावा एवढाच तिचा हेतू असतो. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये परदेशी मालाची दुकानं आहेत, तिथे यातलं बरंच सापडतं. सिंगापूर, लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांना तर कोपऱ्यावरच्या दुकानात सगळं मिळेल.

चिनी कढईत परतलेल्या पदार्थांची ती धुरकट चव घरच्या गॅसवर येते का?

पूर्ण येत नाही. तिथली शेगडी आपल्या बर्नरच्या कित्येक पट उष्णता देते. पण बरीच जवळ नेता येते.

जाड लोखंडी कढई घ्या, धूर निघेपर्यंत कोरडी तापवा, मग तेल. नॉनस्टिक अशा आचेला कधीही नको. एका वेळी एकाच माणसापुरतं घाला. चार जणांचं एकदम टाकलं की कढई गार पडते, भाज्या पाणी सोडतात आणि परतण्याऐवजी शिजतात. सगळं कापून, पुसून, सॉस वाटीत मिसळून हाताशी ठेवा, कारण एकदा तेल तापलं की दोन मिनिटांत खेळ संपतो. सॉस पदार्थावर ओतू नका, कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडा. तिथे तो क्षणभर करपतो आणि तोच वास आपल्याला हवा असतो.

फ्राइड राइसला बासमती वापरू नका, तुटतो आणि वासही वेगळा. कोलम छान होतो.

जिआनबिंग आपल्या तव्यावर होईल का?

होईल, तेही धिरड्याच्याच तव्यावर. तिआनजिनच्या जिआनबिंगचं पीठ मुळात मुगाचं. त्यात थोडं दुसरं धान्य घालतात. उत्तर चीनचं जुनं धान्य म्हणजे राळं, तेच वापरा: मुगाचं पीठ १०० ग्रॅम, राळ्याचं ३० ग्रॅम, मैदा ३० ग्रॅम, चवीपुरतं मीठ आणि पळीतून सलग धार पडेल इतकं पाणी. अर्धा तास ठेवा.

तवा मध्यम गरम हवा. फार तापलेला असला तर पीठ पसरायच्या आत धरतं आणि उलथन्याला चिकटून येतं. पीठ ओतून पातळ पसरा, वरून अंडं फोडून तेही पसरा, तीळ आणि कांद्याची पात भुरभुरा, कडा सुटल्या की उलटा. आता सॉस लावा, मध्ये कुरकुरीत तळलेली मैद्याची पातळ पापडी ठेवा, घड्या घाला आणि लगेच खायला द्या. पापडी मऊ पडली की मजा गेली.

सॉस गव्हाच्या पिठाचा, आंबवलेला, गोडसर असतो. तो नसेल तर चमचाभर मैदा तेलावर खमंग भाजा, त्यात दोन चमचे फिकट सोया सॉस, दीड चमचा साखर आणि पाणी घालून घट्ट शिजवा. आंबवल्याची खोली येणार नाही, काम भागेल.

तिआनजिनची माणसं याबाबतीत कडवी आहेत. लेट्यूस, सॉसेज घातलेलं ते जिआनबिंग मानत नाहीत. २०१८ मध्ये तिथल्या खाद्यव्यावसायिकांच्या संघटनेने जिआनबिंग कसं असावं याचं लेखी मानकच काढलं. मला त्यांचं पटतं. आत जितकं कमी, तितकी मुगाची चव लागते.

ल्यांगपी मैद्यापासून करतात ना? मग ती नूडल्ससारखी लाटायची का?

लाटायची नाही, धुवायची. शान्शी प्रांताचा, खासकरून शिआनचा हा पदार्थ माझा सगळ्यात आवडता आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. उन्हाळ्यात, गारेगार, आंबट-तिखट, आणि संपूर्ण शाकाहारी. (वर शान्शीचं विनेगर सांगितलं तो प्रांत शेजारचा. उच्चार जवळजवळ सारखे, प्रांत वेगळे.)

ज्यांनी कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढला आहे त्यांना हे हातातलंच काम वाटेल. फरक एवढाच की आपण गहू भिजवून वाटतो, तिथे मळलेला मैदा पाण्यात धुतात.

३०० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा मीठ, साधारण १६० मिली पाणी. घट्ट मळा, झाकून तासभर ठेवा. हा तास वगळू नका, त्यातच पिठाचा चिकटपणा बांधला जातो. मग मोठ्या पातेल्यात दीड-दोन वाट्या पाणी घेऊन गोळा त्यात बुडवा आणि कपडे चुबकतो तसा हळूहळू दाबत राहा. पाणी दुधासारखं पांढरं होईल. ते दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या, नवं पाणी घ्या, पुन्हा दाबा. तीन-चार वेळा असं केलं की हातात एक पिवळसर, रबरासारखा, भोकाभोकांचा गोळा उरतो आणि पाणी जवळजवळ स्वच्छ येतं. मध्येच गोळा विस्कटल्यासारखा वाटतो. घाबरू नका, गोळा करत राहिलात की परत जुळतो.

हा उरलेला गोळा म्हणजे ग्लूटेन. त्यात चिमूटभर बेकिंग पावडर मळून वीस मिनिटं वाफवा आणि चौकोनी तुकडे करा. स्पंजासारखे तुकडे सगळा रस पिऊन घेतात.

पांढरं पाणी फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी वरची निवळी अगदी सावकाश ओतून द्या, खाली चीक बसलेला असेल. तो नीट ढवळा, दुधापेक्षा थोडा दाट हवा. आता सपाट ताटलीला तेलाचा हात लावा, एक पळी चीक घाला, ताटली फिरवून सारखा पसरा आणि उकळत्या पाण्यावर तरंगत ठेवून झाकण घाला. दोन-तीन मिनिटांत पापुद्रा पारदर्शक होतो आणि मध्ये मोठे फुगे येतात. फुगे आले की काढा. ताटली गार पाण्यावर ठेवा, मिनिटाने पापुद्रा अलगद सुटतो. वरून तेल लावून एकावर एक रचा. दोन ताटल्या असल्या की एक वाफेत, एक गार होत, असं काम भराभर सरतं.

पापुद्रे बोटभर रुंद कापा. काकडीच्या सळया, उकळत्या पाण्यातून काढलेले मोड आलेले मूग, ग्लूटेनचे तुकडे, मीठ, लसूण ठेचून पाण्यात कालवलेलं पाणी, दोन चमचे काळं विनेगर आणि तिखट तेल भरपूर. कालवताना हातचं राखू नका, तेलाने सगळं लालबुंद झालं पाहिजे.

कणकेने हे होत नाही. कोंडा चिकात उतरतो आणि पापुद्रा फाटतो.

रगानमिएनच्या नूडल्स पिवळ्या आणि चिवट असतात. अंडं असतं का त्यात?

नाही, खार असतो. सोडियम कार्बोनेट. त्यामुळे मैद्याला पिवळसर झाक आणि चिवटपणा येतो. आपल्याकडे खाण्याचा सोडा स्टीलच्या ताटलीत पसरून ओव्हनमध्ये १२०-१३० अंशांवर तासभर भाजला की त्याचं सोडियम कार्बोनेट होतं. २५० ग्रॅम मैद्याला सपाट अर्धा चमचा पुरतो, पाण्यात विरघळवून घाला. भाजलेला सोडा हाताला झोंबतो, सांभाळून.

नूडल्स जरा कच्च्याच उकडा, पसरून पंख्याखाली गार करा, तेल लावा. खायच्या वेळी उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवून काढा. वरून तिळाची चटणी: पांढरे तीळ तांबूस भाजून, भाजक्या तिळाच्या तेलात लोण्यासारखे वाटलेले, सोया सॉस आणि गरम पाण्याने सैल केलेले. बारीक चिरलेला खारवलेला मुळा, पात, तिखट तेल. गरम असतानाच खालपासून वर कालवा. गार झालं की तीळ घट्ट बसतो.

अजिनोमोटो घालायचं का?

हवं तर घाला. जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या रसातून ही चव वेगळी काढली; चीनमध्ये १९२०च्या दशकात शांघायच्या वू युनचू यांनी तिचा कारखाना काढला आणि तेव्हापासून तिथल्या स्वयंपाकघरात ती मिठाशेजारी असते. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका पत्रावरून तिच्याबद्दल भीती पसरली. नंतरच्या चाचण्यांतून नेहमीच्या स्वयंपाकातल्या प्रमाणात ती अपायकारक असल्याचं ठरलेलं नाही. टोमॅटोत, मुरलेल्या चीजमध्ये तेच ग्लूटामेट असतं. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे ज्या पदार्थात ती घातली आहे तो वर्षाच्या आतल्या बाळांसाठी नाही असं वेष्टनावर लिहावं लागतं, ते पाळा. चार माणसांना पाव चमचा पुरे, आणि तेवढं मीठ कमी करा.

आमच्या घरी डुकराचं मांस चालत नाही. रौजियामो सोडून द्यायचा?

मुळीच नाही. शिआनच्या मुस्लिम वस्तीत तो कधीच डुकराच्या मांसाचा नसतो. घरी मटणाच्या खांद्याचा करा. ७०० ग्रॅम मटण, आलं, पात, चक्रफूल दोन, दालचिनी, मसाला वेलची अर्धी, तीन चमचे फिकट सोया, अर्धा चमचा गडद, खडीसाखर. कुकरला बोटाने तुटेल इतकं शिजवा, मग झाकण काढून रस आटवा. थोडी चरबी असू द्या, नाहीतर भरण कोरडं होतं.

भाकरीसाठी ३०० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा यीस्ट, १५० मिली कोमट पाणी, चमचाभर तेल. अर्धवटच फुगू द्या. तळहाताएवढ्या जाडसर भाकऱ्या करून कोरड्या तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दोन्हीकडून भाजा. मांस लाकडी पाटावर सुरीने बारीक करा, त्यावर आटलेला रस चमचाभर ओता आणि तसंच भाकरीच्या पोटात भरा. कोथिंबीर, हिरवी मिरची घातली तरी बिघडत नाही, तिथेही काही गाड्यांवर घालतात.

मटणाच्या काड्या चिवट होतात.

तिथे मेंढीचं मांस असतं, चरबीचं. आपल्याकडे बहुधा बोकड, म्हणून तुकडे लहान, दोन सेंटिमीटरचे करा आणि कांदा किसून पिळलेल्या रसात तासभर ठेवा. कच्ची पपई नको, मांसाचा लगदा होतो. प्रत्येक काडीवर दोन तुकड्यांमध्ये एक चरबीचा तुकडा ओवा. शिनजियांगच्या उईगुर पद्धतीत मसाला आधी चोळत नाहीत. काड्या निखाऱ्यावर असताना, चरबी वितळू लागली की जिरं भरड, तिखट आणि मीठ वरून शिंपडतात. चिकटतं तेवढंच राहतं. जिरं सढळ हाताने घाला.

शाकाहारी माणसाने काय टाळायचं?

चीनमध्ये प्रवासात असाल तर विचारूनच खा. भाजीच्या पावातही चरबी असू शकते, नूडल्सचं पाणी हाडांचं असतं. घरी मात्र अडचण नाही: लांगया तुदौ, ल्यांगपी, रगानमिएन, पातीच्या कांद्याची पापुद्र्याची पोळी, सगळं शाकाहारी आहे. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनाही वाट आहे, कारण चिनी बौद्ध स्वयंपाकात दोन्ही वर्ज्य असतात. आलं, तीळ आणि आंबवलेल्या सोयाबीनवर ते चव उभी करतात.

घरी कशाच्या नादाला लागू नये?

वास मारणारा टोफू घरी आंबवू नका. त्यातले जंतू कुठले वाढतायत ते घरी कळत नाही. हाताने ओढलेल्या लानझोउच्या नूडल्स शिकायला वेळ आहे तर जरूर शिका, पण पाहुण्यांच्या दिवशी नको. सोयाबीनचं ताजं दूध करणार असाल तर एक सांभाळा: ८० अंशांच्या आसपास ते फेसाळून वर येतं आणि उकळल्यासारखं दिसतं. ती खोटी उकळी. आच कमी करून पुढे किमान दहा मिनिटं खरंखुरं उकळा, नाहीतर पोट बिघडतं.

काय किती दिवस टिकतं?

तिखट तेल फ्रिजमध्ये महिनाभर, ओला चमचा लागला नाही तर. त्यात ताजी लसूण ठेवू नका. ल्यांगपीचे पापुद्रे त्याच दिवशी संपवा, फ्रिजमध्ये ते कडक होऊन तुटतात. शिजवलेलं मटण दोन-तीन दिवस. फ्राइड राइससाठीचा भात रात्रभर ओट्यावर कधीच नको: शिजवलेल्या भातात वाढणाऱ्या जंतूचं विष परतूनही जात नाही. भात पसरून लवकर गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. वाळवलेलं काळं अळंबी दोन-तीन तासच भिजवा. उन्हाळ्यात रात्रभर भिजवलेल्या अळंबीने माणसं दगावल्याच्या घटना चीनमध्ये झाल्या आहेत.

मुलांना तांगहुलू (साखरेच्या पाकात बुडवलेली फळांची काडी) हवा आहे. साखर चिकट होते, काचेसारखी कडक होत नाही.

पाक १५० अंशांपर्यंत गेलेला नाही. दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी, मंद आच, आणि ढवळायचं नाही. ढवळलं की साखरेचे दाणे परत बांधतात. रंग किंचित पिवळा व्हायला लागला की पाकाचा थेंब गार पाण्यात टाका. दाताने कडकन तुटला तर तयार, दाताला चिकटला तर आणखी मिनिटभर.

बेइजिंगमध्ये ही काडी हिवाळ्यात, आंबट लाल शानझा फळांची असते. आपल्याकडे जानेवारीतली महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घ्या, जरा करकरीत आणि पूर्ण कोरडी. फळावर पाण्याचा थेंब असला तर पाक तडतडून उडतो, म्हणून मुलांना चुलीपासून लांब ठेवा आणि पाकात काडी फिरवण्याचं काम मोठ्यांनीच करा. तेल लावलेल्या ताटलीवर ठेवा, दोन मिनिटांत कडक होईल. मुंबई-कोकणात पावसाळ्यात करू नका. हवेतली ओल साखर ओढून घेते आणि तासाभरात सगळं पाघळतं.